लेझरच्या माऱ्यानं यान ढकलता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या लेझरनं गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला मंजुरी मिळाल्यापासून आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत लेझरबद्दलचं कुतूहल चांगलंच वाढलंय. कुठंही विज्ञानाचा कार्यक्रम असू दे, बोलणं गुरुत्वीय लहरींवरून सुरू होतं आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, ‘सर, लेझरनं रॉकेट चालवता येतं म्हणतेत, खरंय का?’ येतं. मात्र कसं, किती आणि कशासाठी, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. परभणी, नांदेड, लातूर, बीडकडच्या मुलांनी आणि शिक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. थोडं गणित आहे, पण ते अकरावी-बारावीच्या पलीकडचं नाही.

लेझर ॲब्लेशननं रेटा मिळतो म्हणजे नेमकं काय होतं?

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर लेझरचा तीव्र झोत पाडला, की वरचा अगदी पातळ थर क्षणात वाफ होऊन आणि प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू) बनून उडून जातो. या उडण्याला ॲब्लेशन म्हणतात. पदार्थ एका दिशेनं सुसाट निघाला, की उरलेल्या वस्तूला उलट दिशेनं धक्का बसतो. विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार सुरू केली आणि पाइपचं तोंड मोकळं असलं, तर ते मागं उसळतं, एकट्या माणसाला धरवत नाही. इथं पाण्याच्या जागी वाफ आहे आणि मोटारीच्या जागी लेझर.

पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा: यानाला ढकलणारा तो उडालेला पदार्थ असतो. लेझर फक्त त्याला उडवायची ऊर्जा पुरवतो. निम्म्याहून जास्त गोंधळ इथंच मिटतो.

पण प्रकाशालाही दाब असतो ना? मग पदार्थ कशाला खर्च करायचा?

असतो, पण फार थोडा. आरशावरून पूर्ण परावर्तन झालं तरी एका वॅट प्रकाशामागं ६.७ नॅनोन्यूटन बल मिळतं. औंढ्याला उभ्या राहणाऱ्या लायगोसारख्या यंत्राचंच बघा. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा आणि त्यांच्या टोकांना ४० किलोचे आरसे. लायगोच्या मूळ आराखड्यात भुजेमध्ये फिरणाऱ्या प्रकाशाची शक्ती ७५० किलोवॅटपर्यंत धरलेली आहे. एवढ्या प्रचंड प्रकाशाचा आरशावरचा रेटा येतो ५ मिलिन्यूटन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या वजनाइतका. लायगोला प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजायची असते, म्हणून तिथं या दाबातला बारीकसा चढउतारही मोठी अडचण ठरतो. यान हलवायचं म्हटलं तर तोच दाब नगण्य आहे.

आता ॲब्लेशन घ्या. साध्या धातूवर किंवा प्लास्टिकवर योग्य पल्स, म्हणजे लेझरचा क्षणभराचा झटका, मारली, तर एका वॅटमागं साधारण १० ते १०० मायक्रोन्यूटन मिळतात. नुसत्या प्रकाशदाबाच्या हे हजारो पट झालं.

असं का होतं, ते एका ओळीत कळतं. वेगानं निघालेल्या पदार्थाचा संवेग mv आणि ऊर्जा ½mv². भागाकार केला की एका जूलमागं मिळणारा संवेग 2/v येतो. वेग जितका कमी, तितका प्रत्येक जूलमागं धक्का मोठा. प्रकाशाचा वेग सगळ्यात जास्त, म्हणून ऊर्जेच्या हिशोबात त्याचा धक्का सगळ्यात महाग. उलट बाजू अशी, की कमी वेगानं पदार्थ सोडला तर पदार्थ लवकर संपतो. ऊर्जा वाचवायची की पदार्थ, ही ओढाताण या क्षेत्रातल्या प्रत्येक इंजिनाच्या मुळाशी आहे.

जपानचं इकारोस (२०१०) हे सूर्यप्रकाशाच्या दाबावर चाललेलं शीडयान. २०१६ मध्ये जाहीर झालेली ब्रेकथ्रू स्टारशॉट ही कल्पनाही लेझरच्या दाबावर शीड ढकलण्याची आहे. ही दोन्ही ॲब्लेशनची उदाहरणं नाहीत. वर्तमानपत्रांत दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली येतात, म्हणून वेगळं सांगावं लागतं.

पल्स पडते त्या क्षणी पृष्ठभागावर काय घडतं?

मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा पल्स ५ नॅनोसेकंदांची आहे. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम दीड मीटर जातो. ॲल्युमिनियमवर ती पडली, की आधी धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात. काही पिकोसेकंदांतच ते ती अणूंच्या जाळीला देऊन टाकतात. उष्णतेला आत पसरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे वरचा मायक्रॉनभर थर हजारो अंशांवर जातो आणि खालचा धातू जवळजवळ थंडच राहतो. थर वितळतो, उकळतो, वाफ होते. पल्स अजून चालूच असते, त्यामुळे ती वाफही प्रकाश शोषते, तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा पेटतो. त्याचं तापमान दहा हजार केल्विनच्या वर असतं. कोंडलेला हा प्लाझ्मा पृष्ठभागापासून उसळतो आणि सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं निघून जातो. धक्का बसतो तो इथं. लेझर बंद झाल्यावरही हा झोत मायक्रोसेकंदभर पसरत राहतो. मागं उरतो मायक्रॉनच्या हिशोबातला एक खळगा.

यात दोन गोष्टी नीट ध्यानात घ्यायच्या.

पहिली म्हणजे प्लाझ्माचा झोत पृष्ठभागाला लंब निघतो. लेझर तिरका आला तरी धक्का पृष्ठभाग ठरवेल त्याच दिशेला. हा मुद्दा पुढं अवकाशातल्या कचऱ्याच्या प्रश्नात महत्त्वाचा ठरतो.

दुसरी म्हणजे जोर वाढवला की रेटा वाढतच जाईल, असं नाही. पल्स कमजोर असेल तर नुसतं तापतं, काही उडत नाही. फार तीव्र असेल तर आधी तयार झालेला प्लाझ्माच पडद्यासारखा आड येतो आणि उरलेला प्रकाश पृष्ठभागापर्यंत पोचूच देत नाही. मधला मोक्याचा बिंदू पल्स किती लांबीची आहे यावर ठरतो. काही नॅनोसेकंदांच्या पल्सला तो चौरस सेंटिमीटरला ३-४ जूलच्या आसपास येतो.

वाळूजच्या कंपनीत लेझर मार्किंग मशीन आहे. ते हेच का?

अगदी हेच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी पार्टवर नंबर टाकायला फायबर लेझर मार्किंग मशीन असतं. त्याच्या काचेतून नीट बघा. पार्टवर पांढरट-निळी ठिणगी सरकत जाते आणि बारीक चिरका आवाज येतो. ती ठिणगी म्हणजे वर सांगितलेला प्लाझ्मा. आवाज येतो तो सेकंदाला हजारो वेळा हवेला बसणाऱ्या छोट्या छोट्या दणक्यांचा. शेजारचा पंखा ओढून नेतो तो धूर म्हणजे उडालेला धातू आणि त्याचं ऑक्साइड. नंबर टाकून झाला की त्यावरून नखानं हलकेच खरवडा, खळगा हाताला जाणवतो.

आता हिशोब करू. मशीन २० वॅटचं धरा आणि एका वॅटमागं २० मायक्रोन्यूटन धरा. रेटा आला ४०० मायक्रोन्यूटन, म्हणजे ४० मिलिग्रॅमच्या वजनाइतका. पार्ट जड, खाली टेबलाचं घर्षण, म्हणून काहीच हललेलं दिसत नाही. तोच रेटा एक मीटर लांब दोऱ्याला टांगलेल्या १० ग्रॅमच्या तुकड्यावर सतत दिला, तर तुकडा सुमारे ४ मिलिमीटर बाजूला सरकेल. डोळ्याला दिसेल एवढं! प्रत्यक्ष हवेत आकडा वेगळा येतो, कारण तापून फुगलेली हवाही ढकलते. निर्वात पेटीत केलेलं मापन खरं मानायचं.

प्रयोगशाळेत बल मोजायला अशीच लंबकाची किंवा पीळ घेणाऱ्या तारेवरच्या तराजूची पद्धत वापरतात. कल्पना जुनी आणि साधीच आहे, सगळी मेहनत कंपनं आणि हवेचे झोत दूर ठेवण्यात जाते.

म्हणजे यात इंधन लागतच नाही?

लागतं. ‘इंधनाशिवाय चालणारं यान’ हा मथळा चुकीचा आहे. उडवायला पदार्थ हवाच, आणि तो संपतो.

फायदा वेगळा आहे. रासायनिक रॉकेटमध्ये ऊर्जा आणि फेकायचा पदार्थ एकच असतो. ऊर्जा रासायनिक बंधांत जेवढी आहे तेवढीच मिळते, म्हणून हायड्रोजन-ऑक्सिजनच्या उत्तम इंजिनातही वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास वेगानंच बाहेर पडतो. लेझरमध्ये ऊर्जा बाहेरून येते. पल्स आणि पदार्थ बदलून बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरपासून तीस किलोमीटरपर्यंत नेता येतो. त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ मध्ये मांडलेलं रॉकेटचं समीकरण सांगतं, की हा वेग वाढला की तेवढ्याच कामाला पदार्थ झपाट्यानं कमी लागतो.

शिवाय फेकायचा पदार्थ घन असतो. टाकी नको, झडप नको, गळती नको, थंडीत गोठण्याची भीती नको. माझ्या मते व्यवहारात याचं मोल वेगाइतकंच आहे. अवकाशात बिघडणाऱ्या वस्तूंमध्ये झडपांचा नंबर बराच वरचा.

मग श्रीहरिकोट्याऐवजी जमिनीवरून लेझर मारून उपग्रह का सोडत नाहीत?

कल्पना जुनी आहे. आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२ मध्ये ती मांडली: वीजघर आणि लेझर जमिनीवर ठेवा, यानात फक्त पदार्थ आणि माल. लीक मायराबो यांनी लाइटक्राफ्ट नावाचं भोवऱ्यासारखं छोटं यान बनवलं. २ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स इथं, १० किलोवॅटच्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर, ते साधारण ७१ मीटर उंच गेलं. उड्डाण १२.७ सेकंदांचं. यान सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचं आणि जवळपास ५० ग्रॅम वजनाचं.

पुढचा हिशोब डोळे उघडणारा आहे. कक्षेत न्यायच्या प्रत्येक किलोमागं साधारण एक मेगावॅट लेझर, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. १०० किलोच्या उपग्रहाला १०० मेगावॅट प्रकाश. विजेचं प्रकाशात रूपांतर ४० टक्के धरलं तर २५० मेगावॅट वीज. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या एका मोठ्या संचाची सगळी वीज, काही मिनिटं. वीज एकवेळ मिळेल. पण १०० मेगावॅटचा, अचूक, न थकणारा लेझर आज कुणाकडंही नाही.

त्यात हवा आडवी येते. तापलेल्या हवेत तारा लुकलुकतो तसाच लेझरचा झोतही थरथरतो आणि फाकतो. तो सावरायला आकार बदलणारे आरसे लागतात. ढग आला की काम बंद. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ढग, म्हणून असं केंद्र भारतात कधी झालंच तर लडाखमधल्या हानलेसारख्या उंच, कोरड्या जागीच शोभेल.

जमिनीवरून कक्षेपर्यंत न्यायचं काम लेझरकडून इतक्यात होईल, असं मला वाटत नाही. त्याची खरी जागा कक्षेत पोचल्यानंतरच्या बारीक कामांत आहे. तिथं हवा नाही, घाई नाही, आणि मायक्रोन्यूटनचीही किंमत असते.

छोट्या उपग्रहात लेझर बसवून त्याचंच इंजिन करता येतं का?

येतं. सौर पॅनेलची वीज, त्यावर चालणारा काही वॅटचा डायोड लेझर, आणि टेपच्या रिळासारखी गुंडाळलेली पॉलिमरची पट्टी. पट्टीचा तळ पारदर्शक असतो आणि लेझर मागून येतो. पुढच्या थराचा प्लाझ्मा पलीकडं उडतो, त्यामुळे भिंगावर काजळी बसत नाही. क्लॉड फिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा इंजिनावर बरंच काम केलंय.

१०० मायक्रोन्यूटन रेटा आणि ४ किलोचा उपग्रह घ्या. एका दिवसात वेगात सुमारे २ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडतो. ऐकायला कमी वाटतं, पण कक्षा टिकवायला, तोंड फिरवायला, शेजारच्या उपग्रहापासून अंतर राखायला एवढं पुरतं. प्रकाश लागतो दोनेक वॅट.

या इंजिनाचा एक थोरला भाऊ आधीच उडून आलाय. सोव्हिएत युनियनच्या झाँड-२ यानात (१९६४) स्पंदित प्लाझ्मा इंजिनं होती. त्यात टेफ्लॉनचा थर विजेच्या ठिणगीनं उडवतात. तत्त्व जवळचं, फक्त ठिणगीच्या जागी लेझर आला की पल्सवर जास्त ताबा मिळतो. विजेच्या जोरावर भारित कण फेकणारं आयन इंजिन मात्र कार्यक्षमतेत आणि अनुभवात आज पुढं आहे, हे मान्य करायला हवं. मध्यम आणि मोठ्या उपग्रहाला लेझरचं इंजिन लावा, असं मी सांगणार नाही.

जपानवाले अवकाशातला कचरा लेझरनं ढकलायलेत म्हणे. हे खरंय?

तयारी खरी आहे. स्काय परफेक्ट जेसॅट या जपानी कंपनीनं रिकेन आणि इतर संस्थांबरोबर २०२० मध्ये ही योजना जाहीर केली. त्यासाठी २०२४ च्या जानेवारीत ऑर्बिटल लेझर्स ही वेगळी कंपनी निघाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातल्या इन्स्पेसिटी या कंपनीनं त्यांच्यासोबत अभ्यासाचा करार केला.

मला हा उपयोग सगळ्यात योग्य वाटतो, आणि कारण साधं आहे. कचऱ्याकडं स्वतःचं इंजिन नसतं, इंधन नसतं, पकडायला हँडल नसतं. बहुतेक तुकडे गरगर फिरत असतात, जाळं किंवा यांत्रिक हात लावायला गेलं तर आणखी तुटायची भीती. लेझरला स्पर्शच करावा लागत नाही. कचऱ्याचा स्वतःचा पृष्ठभागच उडायचा पदार्थ होतो.

हिशोब करून बघा. १० ग्रॅमचा तुकडा खाली आणून वातावरणात जाळायचा, तर त्याचा वेग सुमारे १५० मीटर प्रतिसेकंद कमी करावा लागतो. एका जूलमागं २० मायक्रोन्यूटन-सेकंद संवेग धरला, तर ७५ किलोजूल लागतात. एक किलोवॅटचा लेझर सव्वा मिनिटात हे करेल, फक्त सगळा प्रकाश तुकड्यावरच पडला पाहिजे. यात तुकड्याचा जेमतेम दशांश ग्रॅम भाग उडतो.

अडचण त्या ‘फक्त’मध्ये आहे. दीड मीटरच्या आरशातून १०० किलोमीटरवर नेम धरला, तर विवर्तनामुळे ठिपका १७ सेंटिमीटरपेक्षा लहान होत नाही. त्या ठिपक्यावर चौरस सेंटिमीटरला ३ जूल द्यायचे, तर एकाच पल्समध्ये जवळपास ७०० जूल हवेत. मार्किंग मशीनची पल्स असते एका मिलिजूलच्या आसपास! म्हणून सुरुवातीचे उपग्रह कचऱ्याच्या बरंच जवळ जातील आणि आधी मोठ्या वस्तूंची गिरकी थांबवायचं काम करतील. गिरकी थांबली की मग दुसरं यान येऊन पकडू शकतं.

दिशेचाही प्रश्न आहे. धक्का पृष्ठभागाला लंब बसतो, म्हणून वेड्यावाकड्या तुकड्यावर पल्स कधी मारायची ते फिरणं बघून ठरवावं लागतं. वेळ चुकली तर धक्का भलत्याच बाजूला. जमिनीवरून मारायचं झालं तर तुकडा क्षितिजावरून आपल्याकडं येत असतानाच मारायचा. डोक्यावरून पुढं गेल्यावर मारला तर त्याचा वेग वाढेल.

गुढीपाडव्याला चंद्रपूरकडं आकाशातून लोखंडी कडं पडलं होतं. तसलं लेझरनं थांबवता आलं असतं?

२ एप्रिल २०२२ ची ती संध्याकाळ अनेकांना आठवते. आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली आणि सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

पृथ्वीवर परत येतानाच्या त्या शेवटच्या मिनिटांत लेझर काहीही करू शकत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं मिळाली असती तर? तीन टनांची वस्तू, तेवढाच १५० मीटरचा वेगबदल, आणि एक किलोवॅटचा लेझर सतत लागू पडतोय असं धरलं, तर सुमारे २६० दिवस लागतात. म्हणजे अशक्य नाही, पण रॉकेटच्या टप्प्यात शेवटचं थोडं इंधन राखून तो समुद्रावर उतरवणं कितीतरी स्वस्त. इस्रोनं २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं जे ठरवलंय, त्यात हाच शहाणपणा आहे. लेझर लागेल तो आधीच होऊन बसलेल्या कचऱ्याला. एक ते दहा सेंटिमीटरचे असे दहा लाखांहून जास्त तुकडे असल्याचा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. त्यांना रॉकेट पाठवून एकेक करून कोण पकडणार?

लघुग्रह वळवता येईल?

तत्त्वतः हो, भरपूर वर्षं हाताशी असतील तर. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं आणि डायमॉर्फसचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. त्यात यानाच्या धक्क्यापेक्षा उडालेल्या दगड-मातीच्या उलट धक्क्याचा वाटा मोठा होता. लेझरनं तेच काम हळूहळू, वर्षानुवर्षं करायचं, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात अजून कुणी केलेलं नाही.

हेच शस्त्र म्हणून वापरलं तर?

भीती रास्त आहे. कचरा ढकलू शकणारा लेझर दुसऱ्याच्या उपग्रहाचा कॅमेरा किंवा सौर पॅनेलही खराब करू शकतो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशातली वस्तू निकामी झाली तरी ती सोडणाऱ्या देशाचीच राहते. म्हणजे कुणाचा कचरा ढकलायचा तर त्याची परवानगी हवी. १९७२ च्या दायित्व करारानं नुकसानभरपाईची जबाबदारीही ठरवलेली आहे. यंत्र तयार होण्याआधी या बाबतीत उघड नियम, आगाऊ सूचना आणि देशादेशांतला विश्वास तयार झाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर चांगलं तंत्रज्ञान संशयापायी अडकून पडेल.

इस्रोनं लेझर ॲब्लेशन कधी वापरलंय का?

रेट्यासाठी नाही, पण ओळख पटवण्यासाठी वापरलंय, आणि तेही चंद्रावर. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर लिब्ज हे उपकरण होतं. लेझरच्या पल्सनं मातीचा कण उडवायचा, तयार झालेल्या प्लाझ्माचा प्रकाश वेगळा करून बघायचा आणि कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याची खात्री त्यानंच दिली. हे उपकरण इस्रोच्या बंगळुरूमधल्या विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेत तयार झालं.

त्या प्रत्येक पल्सबरोबर चंद्राच्या मातीला एक अतिसूक्ष्म धक्काही बसला असणार. उपकरणाला त्याची गरज नव्हती, पण प्लाझ्मा तोच, पल्सही त्याच जातीची. रेटा हवा तर पल्स मोठ्या लागतील आणि सेकंदाला कितीतरी जास्त लागतील, एवढाच फरक.

आम्ही कॉलेजात प्रयोग करू का?

लेझर पॉइंटरनं काहीच उडत नाही, आणि मार्किंग मशीन उघडून प्रयोग करायचा नाही. हे मी ठणकावून सांगतो. या मशीनचा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो दृष्टिपटलावर बरोबर एकवटतं. पापणी मिटायच्या आत इजा झालेली असते, ती भरून येत नाही. धातूवरून उसळलेला झोतही तेवढाच घातक. बाजारातला कुठलाही रंगीत चष्मा चालत नाही, त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेलाच लागतो. पीव्हीसीवर लेझर अजिबात मारायचा नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसालाही वाईट आणि मशीनलाही.

कंपनीतल्या बंद झाकणाच्या मशीनमध्ये, तिथल्या जाणत्या ऑपरेटरसमोर, एवढं मात्र जरूर करता येईल: ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा अचूक तराजूवर आधी तोला, ठरावीक वेळ मार्किंग होऊ द्या, पुन्हा तोला. किती मिलिग्रॅम उडाले ते कळेल. मशीनची शक्ती आणि वेळ माहीत असेल तर एका जूलमागं किती मायक्रोग्रॅम उडाले हे काढता येतं. पदार्थाचा खर्च नेमका याच आकड्यानं मोजतात. पितळ, स्टील, ॲक्रिलिक अशी तुलना केली तर प्रकल्प म्हणून पुरेसा भरीव होतो. मार्किंगचा वेग आणि पल्सची वारंवारता प्रत्येक वेळी लिहून ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

यातच पुढं जायचं असेल तर काय शिकावं, कुठं जावं?

भौतिकशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स यांतलं इंजिनिअरिंग, दोन्ही वाटा चालतात. नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतून किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातून निघालेल्याला दार बंद नाही. प्रकाशशास्त्र, वायूंची गतिकी, प्लाझ्मा आणि निर्वात तंत्र हे चार विषय पक्के करा. शेवटचा विषय मुलं टाळतात, आणि नेमका प्रयोगशाळेत तोच रोज लागतो: पंप, गेज, ओ-रिंग, गळती शोधणं.

इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लेझरसाठी देशातली मोठी संस्था, आणि लायगो-इंडियातही तिचा सहभाग आहे. तीव्र लेझरवर काम करणारे गट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत, तसेच हैदराबादलाही. नांदेड-लातूरच्या मुलांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ पडतं. अवकाशयानांकडून सुरुवात करायची तर तिरुअनंतपुरमची अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था.

उन्हाळी इंटर्नशिपसाठी बऱ्याच संस्था हिवाळ्यातच अर्ज मागवतात. एसवाय-टीवायच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीपासूनच त्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं आणि अर्जासोबत वजनाचा तो छोटा प्रकल्प आकडे, त्रुटींचा अंदाज आणि आलेख यांसह नीट लिहून जोडावा.